नकार द्यायचा असेल तर लेखी द्या : महसूल आणि नोंदणी खात्याला खान्देशातून खुले पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक
मा. जमाबंदी आयुक्त
मा. जिल्हाधिकारी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार

विषय : लहान जमिनींचे व्यवहार तोंडी अडवले जाण्याबाबत.

सविनय नमस्कार.

खान्देशातल्या तालुक्याच्या गावांत शेतजमीन, प्लॉट आणि जुन्या घरांचे सौदे जुळवून देणं हा आमचा धंदा. पाटीवर आम्ही ‘इस्टेट एजंट’ लिहितो, जुनी माणसं दलाल म्हणतात. अमळनेर, पारोळा, चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, शहादा, तळोदा अशा गावांत टॉवर नसतात. इथला माल म्हणजे एखाद-दुसऱ्या एकराचं कापसाचं वावर, नगरपालिकेच्या हद्दीला लागून असलेल्या लेआउटमधला दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट, नाहीतर वाटणीत आलेलं धाब्याचं घर. घेणारा असतो झेडपीचा शिक्षक, भुसावळला नोकरी करून निवृत्त झालेला रेल्वे कर्मचारी, किंवा सुरतेत वीस-पंचवीस वर्षं राबून गावाकडे घर बांधू पाहणारा माणूस. विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुलीचं लग्न, दवाखान्याचं बिल किंवा विकास सोसायटीचं थकलेलं कर्ज असतं.

सौदा फिसकटला तर आमची एक-दोन टक्के दलाली जाते. ते आम्ही सोसतो. पण इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, आमच्या शब्दावर दिलेला असतो. खरेदी अडकली की घेणारा आणि विकणारा दोघंही आमच्याच दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात आणि विचारतात, “का झालं नाही?” या प्रश्नाला आमच्याकडे कागदावरचं उत्तर नसतं. “साहेब नाही म्हणाले”, एवढंच आम्ही सांगू शकतो. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. कोणा एका कार्यालयाची किंवा अधिकाऱ्याची ही तक्रार नाही, म्हणून इथे कोणाचंही नाव घेतलेलं नाही. अडचण पद्धतीत आहे आणि ती सरकारच दुरुस्त करू शकतं.

कायदा काय म्हणतो ते आधी मांडतो. नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम ७१ स्पष्ट आहे. दुय्यम निबंधकाने, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसच्या अधिकाऱ्याने, दस्त नोंदवायला नकार दिला, तर त्याने नकाराचा आदेश करायचा, कारणं पुस्तक क्रमांक २ मध्ये, म्हणजे नकाराच्या कारणांच्या नोंदवहीत, लिहायची आणि दस्तावर नोंदणी नाकारल्याचा शेरा मारायचा. पक्षकाराने अर्ज केला की त्या कारणांची प्रत विनाशुल्क आणि विनाविलंब द्यायची. मग कलम ७२ प्रमाणे ३० दिवसांत निबंधकाकडे अपील करता येतं. शंभर वर्षांहून जुनी ही तरतूद नागरिकाच्या बाजूची आहे, आणि तालुक्याच्या खिडकीवर ती जवळजवळ वापरात नाही.

प्रत्यक्षात होतं ते असं. पक्षकार किंवा दस्तलेखक ऑनलाइन डेटा एन्ट्री करतो, मुद्रांक शुल्काचं आणि नोंदणी फीचं चलन भरतो, पानांप्रमाणे हाताळणी शुल्क भरतो, टोकन घेतो. दोन साक्षीदार, आधार, पॅन, ताजा सातबारा, आठ-अ असं सगळं घेऊन माणसं सकाळपासून बसतात. दुपारी नंबर लागतो, कागद चाळले जातात आणि सांगितलं जातं, “हे होणार नाही.” कागद परत मिळतात. त्यावर शेरा नसतो, आदेश नसतो, पुस्तक क्रमांक २ मध्ये नोंद नसते. आदेशच नाही तर अपील कशाविरुद्ध करायचं? कायद्याच्या नजरेत तो दस्त नाकारला गेलेलाच नसतो, फक्त नोंदला गेलेला नसतो.

त्यात मुदत पळत असते. दस्तावर सह्या झाल्या की चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने मिळतात, पण दंडासह, आणि तो दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. मुद्रांक शुल्काचा परतावा मागायचा तर वेगळा अर्ज, वेगळी फाईल. ज्याने सोनं मोडून चलन भरलंय, त्याला हा काळ परवडत नाही.

सर्वांत जास्त तोंडी नकार मिळतात ते तुकडेबंदीमुळे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतजमीन इतकी लहान होऊ नये की तिच्यात शेतीच परवडणार नाही, हा त्याचा हेतू, आणि तो हेतू आम्हाला मान्य आहे. पण गेल्या काही वर्षांत काय काय झालं ते पाहा. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा (कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा) कमी जमिनीचे दस्त मंजुरीशिवाय नोंदवू नयेत असं ठरलं. ५ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बदलून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. २०२४ मध्ये विहीर, शेतरस्ता, घरकुल यांसाठी परवानगीने लहान तुकड्याची वाट काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नियमित करण्याचं शुल्क बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश आला : १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले, शहरी आणि विकास आराखड्याच्या हद्दीतले तुकड्यांचे व्यवहार शुल्काशिवाय नियमित होणार.

यातले बरेच बदल लोकांच्या सोयीचे आहेत. त्याबद्दल आम्ही सरकारचे मनापासून आभार मानतो. पण प्रत्येक बदलानंतर तालुक्याला जे होतं ते आम्ही जवळून पाहतो. नवा नियम पेपरात येतो, लोक कार्यालयात जातात, आणि तिथे सांगितलं जातं, “आम्हाला अजून पत्र नाही.” पत्र आलं की नाही, आलं तर त्यात काय लिहिलंय, कोणते गट हद्दीत बसतात आणि कोणते नाहीत, हे कुठेही लावलेलं नसतं. शेजारच्या तालुक्यात होतं, इथे होत नाही, अशी बातमी फिरते. मग माणूस पन्नास किलोमीटरवर जाऊन तेच विचारतो.

नियमातले दोन खाचखळगे असे आहेत की त्यांत अडकलेल्या माणसाला शेवटपर्यंत कळत नाही आपलं काय चुकलं.

एक खाच उरलेल्या तुकड्याची. विकला जाणारा तुकडा प्रमाणात बसला म्हणजे झालं, असं लोकांना वाटतं. पण विकणाऱ्याकडे राहणारा तुकडाही प्रमाणापेक्षा लहान होता कामा नये. समजा, जिरायत ३५ गुंठे आहे. त्यातले २० विकले तर मागे १५ राहतात, म्हणजे तुकडा पडला. १० विकले तर तो १० चाच तुकडा. म्हणजे या माणसाला गरज एका कोपऱ्याची असली तरी त्याने एकतर पूर्ण ३५ गुंठे विकायचे, नाहीतर काहीच विकायचं नाही. मुलीच्या लग्नासाठी सगळं वावर घालवणारे लोक या हिशेबातून तयार होतात. त्यांना कोणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी भावाशी किंवा बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याशी बोलून वेगळा मार्ग काढला असता.

दुसरी खाच जिरायत-बागायतीची. हे ठरतं उताऱ्यावरून. वावरात केळी उभी असते, ठिबक अंथरलेली असते, पण विहिरीची किंवा बोअरची नोंद उताऱ्यावर नसते. सिंचनाच्या साधनाचा रकाना कोरा. पीक पाहणीत दोन वर्षांपूर्वीचा कापूसच दिसतो, कारण त्या हंगामात मोबाइलवर ई-पीक पाहणी कोणी केलीच नाही. झालं, जमीन जिरायत धरली जाते. १२ गुंठ्यांचा तुकडा बागायत म्हणून बसला असता, तो जिरायत म्हणून अडतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात हे घडावं याचं दुःख होतं. विहिरीची नोंद लावणं हे गावपातळीवरचं काम आहे, खरेदीच्या दिवशी करायचं नाही.

या अडवणुकीतून लोकांनी जी पळवाट काढली ती आम्हाला तुकड्यापेक्षा भयंकर वाटते. आठ-दहा जण मिळून २० गुंठे एकत्र घेतात. दस्तात हिस्सा ‘अविभक्त’ लिहिला जातो. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक लागतात, क्षेत्र सामाईक. जागेवर मात्र चुन्याची फक्की टाकून प्लॉट पाडलेले असतात आणि कोणाचा कोणता हे एका वहीच्या पानावर लिहिलेलं असतं. त्या पानाला कायद्यात किंमत नाही. बँक कर्ज देत नाही, कारण तारण कोणत्या तुकड्याचं घ्यायचं? मोजणी करून वेगळी हद्द मिळत नाही, कारण वाटप केलं की तुकडा पडतो. पाच-सात वर्षांनी एकाचा मृत्यू होतो, चार वारस लागतात. त्यातला एक म्हणतो, रस्त्याकडचा भाग आमचा. पहिल्या पिढीला शब्द माहीत असतो, दुसरीला फक्त उतारा. असे वाद येत्या दहा वर्षांत प्रत्येक तालुक्यात डोकं वर काढतील. नियमित करण्याच्या कामात या सामाईक खरेद्यांचं काय करायचं, हे आपण आत्ताच स्पष्ट करावं.

याहून वाईट म्हणजे नोटरीवरचे व्यवहार. स्टॅम्पपेपरवर करारनामा, सोबत मुखत्यारपत्र, पैसे पूर्ण. मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. तरीही लोक करतात. “नोंदणी होणार नाही” असं तोंडी सांगून माणसाला परत पाठवलं की तो घरी जात नाही, तो नोटरीकडे जातो.

आता फेरफाराबद्दल, म्हणजे सातबाऱ्यावर नव्या मालकाचं नाव लागण्याबद्दल. खरेदीखत नोंदलं म्हणजे नाव लागलं असं नाही, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. नोंदणी झाल्यावर माहिती ई-फेरफारात जाते. तलाठी आप्पा, आता ग्राम महसूल अधिकारी, फेरफार नोंद घेतात, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागदावर ही पद्धत उत्तम आहे. अडतं ते लहानसहान गोष्टींवर : दस्तात वडिलांचं नाव पूर्ण आणि सातबाऱ्यावर अर्धं, दस्तात गट क्रमांक २१४/१ आणि उताऱ्यावर २१४/१/अ, सोसायटीचा बोजा फेडलाय पण कमी केलेला नाही, सहहिस्सेदार सुरतेला असल्यामुळे नोटीस बजावलीच गेलेली नाही. अशा वेळी नोंद नामंजूर होते आणि शेऱ्यात लिहिलं जातं, ‘कागदपत्रे अपूर्ण’. कोणतं कागदपत्र? ते लिहिलेलं नसतं. माणूस अंदाजाने एकेक कागद नेत राहतो.

हा उशीर साधा नाही. खरेदी होऊन नाव न लागलेल्या काळात सातबाऱ्यावर जुनाच मालक असतो. त्याला पीक कर्ज मिळू शकतं आणि बोजा चढतो. नुकसानभरपाई त्याच्या खात्यावर येते. वाईट मनाचा असेल तर तीच जमीन तो दुसऱ्यालाही दाखवतो. नव्या सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफाराची ओळ दिली आहे, ती फार उपयोगाची आहे. पण ती तेव्हाच दिसते जेव्हा फेरफार क्रमांक पडलेला असतो. दस्त नोंदला आणि क्रमांकच पडला नाही, तर उतारा कोरा दिसतो आणि नव्या गिऱ्हाइकाला तो स्वच्छ वाटतो.

हरकत आली तर वाद तक्रार नोंदवहीत जातो आणि तो शक्यतो एका वर्षात निकाली काढावा असं महसूल संहितेचं कलम १५० सांगतं. हे ‘शक्यतो’ किती लांबतं, ते गावागावात ठाऊक आहे.

आखाजीबद्दल मुद्दाम लिहितो. आमच्या भागात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात. वडिलार्जित जमिनीत मुलींचा हक्क आहे, त्यामुळे खरेदीखतावर किंवा हक्कसोड पत्रावर बहिणींच्या सह्या लागतात, आणि हक्कसोड नोंदणीकृतच लागतं. एक बहीण नाशिकला, एक सुरतेला, एक बऱ्हाणपूरकडे; तिघी एका वेळी गावात असण्याचे दिवस वर्षातून दोनच, आखाजीचे आणि भाऊबीजेचे. म्हणून आखाजीच्या आगेमागे तीन-चार दिवस रजिस्ट्री ऑफिसात गर्दी उसळते. बाहेर उन्हाचा पारा चाळिशीच्या वर गेलेला. त्याच दिवशी सर्व्हर मंद झाला किंवा वीज गेली, की टोकन वाया जातं. कापूस वेचून, निंदणी करून बोटं घासलेल्या म्हातारीचा ठसा आधार पडताळणीत जुळत नाही, मग ओळख पटवणारे साक्षीदार शोधायची धावपळ. बहिणी परत गेल्या की तो सौदा सहा महिने पुढे जातो. इतक्या दिवसांत भाव बदलतो, मन बदलतं. या चार दिवसांसाठी जादा टोकन आणि पर्यायी वीज ठेवायला फार मोठा खर्च नाही.

मोजणी आणि क्षेत्राच्या बाबतीत थोडक्यात. उताऱ्यावर हेक्टर-आर, बाजारात एकर-गुंठे. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, एक आर सुमारे १,०७६ चा. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. उताऱ्यावर ०.४० असताना ‘एक एकर’ म्हणून पैसे मोजले, तर सुमारे ५०० चौरस फुटांचे पैसे जास्त गेले. आमच्याकडच्या प्लॉटचा तो तिसरा हिस्सा. ही चूक आमच्या धंद्यातले लोकही करतात, त्याचा दोष सरकारला नाही. पण रस्ता, कालवा, रेल्वे यांसाठी गेलेलं क्षेत्र उताऱ्यातून कमी न होणं हा दोष सरकारचा आहे. जमीन संपादित झाली, पैसे मिळाले, तरी कमी-जास्त पत्रक, म्हणजे उताऱ्यावरचं क्षेत्र दुरुस्त करणारा कागद, झालेलं नसतं. सातबारा ०.८१ दाखवतो आणि जागेवर साखळी टाकली की ०.७० भरतं. घेणारा समजतो एजंटने फसवलं.

लेआउटमध्येही हेच पत्रक अडतं. तात्पुरती मंजुरी, मोजणी, रस्ते आणि खुली जागा सोडणं, अंतिम मंजुरी, अकृषिक सनद, मग कमी-जास्त पत्रक आणि शेवटी प्रत्येक प्लॉटचा वेगळा उतारा असा तो क्रम. अनेक ठिकाणी विक्री तात्पुरत्या मंजुरीवरच सुरू होते. ज्याच्या हातात ‘एनए (अकृषिक) प्लॉट’ म्हणून दस्त आहे, त्याच्या नावाचा स्वतंत्र उतारा कधीच उघडलेला नसतो. त्यात जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ब आणि ४२-ड मुळे आणखी गोंधळ आहे. विकास आराखड्यातल्या आणि गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज उरलेली नाही. ठरलेला कर भरल्याची पावती हाच पुरावा. पण बँक जुन्या पद्धतीचा ‘एनए आदेश’ मागते, तालुक्याचं कार्यालय म्हणतं असा आदेश आता निघत नाही, आणि मधे गिऱ्हाईक अडकतं. असा आदेश का निघत नाही, हे एका कागदावर लिहून दिलं तरी कर्ज होईल.

एका बाबतीत मात्र आम्ही नकाराच्याच बाजूचे आहोत, तो लेखी असावा इतकंच. नंदुरबार जिल्हा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरचा सातपुड्याच्या पायथ्याचा भाग, इथे आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत. कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे त्या बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाहीत आणि जाऊही नयेत. पण काही जुन्या उताऱ्यांवर ही अट सांगणारा शेरा नाही, आणि भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीची, नोंदही चुकीची आहे. त्याचा फायदा घेणारे आहेत, दीर्घ मुदतीचे करार करून जमीन बळकावणारे आहेत. उताऱ्यावर शेरा ठळक असेल तर आमच्यासारखा माणूस पहिल्याच दिवशी हात जोडून सांगू शकतो की हा सौदा होणार नाही.

आमच्या धंद्याच्या चुका झाकायच्या नाहीत. अंतिम मंजुरी नसलेल्या लेआउटचे बोर्ड आमच्यातल्याच लोकांनी लावलेत. इसाराच्या पावतीवर गट क्रमांक न लिहिता ‘पाटचारीकडचं वावर’ लिहिणारे आमच्यात आहेत. आयकर कायद्याने स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख इसार घेता येत नाही, तरी घेतला जातो. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा, कायदा आहे, पण तो प्रकल्पांना लागू. ५०० चौरस मीटरपर्यंतची किंवा आठपर्यंत सदनिकांची कामं त्यातून सुटतात, आणि शेतजमिनीची खरेदी-विक्री, जुन्या घराची फेरविक्री यांवर काम करणाऱ्याला ना नोंदणी, ना प्रशिक्षण, ना पावतीचा नमुना. प्रकल्प विकणाऱ्या एजंटाला परीक्षा द्यावी लागते, व्यक्तीला १० हजार रुपये भरून पाच वर्षांची नोंदणी घ्यावी लागते. तालुक्यातली बहुतेक उलाढाल मात्र त्या चौकटीबाहेर होते. आम्हालाही चौकटीत घ्या, असं आम्ही स्वतःहून म्हणतो आहोत. सातबारा वाचता न येणाऱ्याने इसार हातात घेऊ नये.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. दस्त नाकारला की त्याच दिवशी कलम ७१ प्रमाणे लेखी आदेश द्यावा आणि पक्षकाराने मागितल्यावर कारणांची प्रत विनाशुल्क द्यावी, असे सक्त निर्देश द्यावेत. पुस्तक क्रमांक २ मध्ये दर महिन्याला किती नोंदी झाल्या, हे प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयाच्या फलकावर लावावं.

२. तुकडेबंदीबाबत आज लागू असलेला नियम सोप्या मराठीत, एका पानावर, प्रत्येक रजिस्ट्री ऑफिसात, तहसीलमध्ये आणि तलाठी कार्यालयात लावावा. गावनिहाय कोणते गट विकास आराखड्यात आणि गावठाणाच्या २०० मीटरमध्ये येतात, त्याची यादी सोबत असावी. नियम बदलला की सात दिवसांत पान बदलावं.

३. २०२५ च्या अध्यादेशाप्रमाणे नियमित होणाऱ्या तुकड्यांसाठी मंडळनिहाय शिबिरं घ्यावीत. ज्यांची नावं ‘इतर हक्क’ रकान्यात आहेत ती कब्जेदार सदरी (मालकाच्या रकान्यात) घ्यायला कोणता अर्ज, कोणते कागद, किती दिवस, हे आधी जाहीर करावं. सामाईक खरेदी केलेल्यांबाबत वेगळा, स्पष्ट आदेश काढावा.

४. नोंदलेल्या प्रत्येक दस्ताचा फेरफार क्रमांक त्याच दिवशी पडावा. नोंद नामंजूर करताना कोणता कागद कमी आहे, तो नावाने लिहावा. ‘कागदपत्रे अपूर्ण’ हा शेरा बंद करावा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या मुदती आणि अपिलाचे अधिकारी प्रत्येक सजावर (तलाठी कार्यालयात) लावावेत.

५. विहीर आणि बोअर यांच्या नोंदींसाठी केळी आणि कापूस पट्ट्यात खास मोहीम घ्यावी.

६. संपादित क्षेत्राची प्रलंबित कमी-जास्त पत्रकं तालुकानिहाय जाहीर करून पूर्ण करावीत. प्लॉटचे स्वतंत्र उतारे न उघडलेल्या मंजूर लेआउटचीही यादी लावावी.

७. कलम ४२-ब आणि ४२-ड च्या जमिनींबाबत बँकांना दाखवता येईल असं एक ठरलेल्या नमुन्याचं पत्र तहसील कार्यालयाने मागणीनुसार द्यावं.

८. आखाजी आणि भाऊबीजेच्या आठवड्यात खान्देशातल्या दुय्यम निबंधक कार्यालयांना जादा टोकन, जादा कर्मचारी आणि पर्यायी वीज द्यावी.

९. महारेराबाहेर शेतजमीन आणि फेरविक्रीचं काम करणाऱ्या एजंटांसाठी तालुका पातळीवर साधी नोंदणी, दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि इसार पावतीचा सक्तीचा छापील नमुना करावा. त्यात गट क्रमांक, हेक्टर-आरमधलं क्षेत्र, भूधारणा पद्धती, बोजा, दलालीची रक्कम आणि सौदा मोडल्यास इसाराचं काय, हे सहा रकाने हवेतच.

यातल्या पहिल्या मागणीला नवा कायदा, नवा निधी किंवा नवी पदं काहीच लागत नाही. एक परिपत्रक पुरेसं आहे. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल हे आम्हाला समजतं, पण ही एक येत्या आखाजीच्या आत व्हावी.

या पत्राचं उत्तर लेखी मिळावं, ही विनंती. ते आम्ही दुकानात दर्शनी भिंतीवर लावू, म्हणजे इसार देणारा प्रत्येक जण आधी ते वाचेल.

आपला नम्र,
खान्देशातल्या तालुक्याच्या गावातला एक जमीन-प्लॉट एजंट